बेल्ट ‘दिसायला चांगला’ आहे, म्हणजे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २००८ ची सँट्रो झिंग, मामांकडून घेतलेली, मीटरवर ७८ हजार किलोमीटर. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा कागद नाही आणि मामांनाही आठवत नाही. एका मेस्त्रीने वरचं कव्हर उघडून बघितलं आणि ‘चांगला आहे, अजून वीस हजार आरामात जाईल’ म्हणाला. दुसऱ्याने सकाळी गाडी सुरू करताना येणारा ‘चीं’ आवाज ऐकला आणि ‘टायमिंग बेल्ट गेलाय, आजच टाका’ म्हणून घाबरवलं. कोणाचं खरं, आणि हे काम घरी जमेल का?

दुसऱ्या मेस्त्रीचं निदान चुकलं, सल्ला मात्र बरोबर निघाला. पहिल्याने जे बघितलं ते बहुधा खरंच चांगलं असेल, पण त्यावरून त्याने काढलेला वीस हजारांचा आकडा हवेतला आहे. माझं उत्तर आधीच सांगतो: बदला, आणि बदलेपर्यंत लांबचा प्रवास टाळा. आता का ते.

आधी तो ‘चीं’ आवाज. टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनच्या क्रँकवरून (पिस्टनला जोडलेला मुख्य दांडा) कॅम (वॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरची हवा-धुराची दारं उघडणारा दांडा) फिरवणारा पट्टा. त्याला दात असतात आणि तो दातेरी पुल्यांवर बसतो. घसरून किंचाळायला त्याला वावच नसतो. सकाळी किंचाळतो तो बाहेरचा, अल्टरनेटरचा बेल्ट. सेल्फ मारताना बॅटरी खर्ची पडते, इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर ती भरायला लागतो, त्याच्यावर लोड येतो आणि ढिला बेल्ट पुलीवरून घसरतो. खात्री करायची असेल तर इंजिन चालू ठेवून हेडलाइट, काच तापवायची स्विच आणि पंखा एकदम लावा. आवाज वाढला तर तोच. बेल्टच्या आतल्या बाजूवर पाण्याचे चार थेंब उडवले तरी आवाज क्षणभर बदलतो. हात आणि सैल बाह्या लांब ठेवा, हे सांगायला लागू नये, पण आमच्याकडे एका पोराची अंगठी पुलीत जाता जाता वाचली आहे.

टायमिंगच्या बाजूने येणारा आवाज वेगळा असतो. टेन्शनरचा, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीचा, बेअरिंग कोरडा पडला की आयडलिंगला रातकिड्यासारखी बारीक किर्र येते आणि पिकअप दिला की ती सूर चढवत वर जाते. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक कव्हरमागच्या बोल्टजवळ टेकवून मूठ कानाला लावा. जुनी पद्धत आहे, पण अजून तिच्याइतकं स्वस्त आणि खरं काही सापडलेलं नाही. तरी शंका राहिली तर बाहेरचे सगळे बेल्ट उतरवून इंजिन फार तर दहा सेकंद चालवायचं. आवाज तसाच असेल तर तो आतला आहे. दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, कारण पाण्याचा पंपही त्या बाहेरच्या बेल्टवर असू शकतो.

आता ‘दिसायला चांगला’ या शब्दांबद्दल. पूर्वीचे बेल्ट निओप्रीनचे असत. ते म्हातारे झाले की पाठीवर भेगा पडत, कडा विस्कटत, म्हणजे मरायच्या आधी थोडं सांगून मरत. नंतर आलेलं रबर उष्णतेला जास्त टिकतं, पण शेवटपर्यंत काळं कुळकुळीत दिसतं. बेल्टची खरी ताकद मात्र रबरात नसतेच. रबराच्या आत काचेच्या तंतूंच्या दोऱ्या असतात, ओढ त्या सोसतात. त्या आतून तुटत जातात, दाताच्या मुळाशी रबर सुटत जातं, आणि वरच्या खिडकीतून तुम्हाला फक्त पाठ दिसते. चपलेचा पट्टा वरून झकास दिसतो आणि नेमका बाजारात तुटतो, तसंच.

म्हणून बेल्ट बघायचाच असेल तर नीट बघा. वरच्या कव्हरचे १० नंबरचे बोल्ट काढा, स्पार्क प्लग काढून टाका म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरेल, आणि क्रँकच्या बोल्टवर पाना लावून इंजिन फिरतं त्याच दिशेने, म्हणजे पुलीकडून बघताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, हळूहळू फिरवत बेल्टची पूर्ण लांबी डोळ्यांखालून घाला. पाठ आरशासारखी चमकते का? कडेने पांढरट धागे निघालेत का? दाताच्या मुळाशी नख लावल्यावर बारीक भेग उघडते का? कव्हरच्या तळाशी काळा भुगा साचलाय का? यातलं एकही ‘हो’ आलं तर बेल्ट गेला. सगळी उत्तरं ‘नाही’ आली तर त्याचा अर्थ इतकाच, की आज त्याच्यावर काही दिसत नाही.

बघण्यापेक्षा तारीख महत्त्वाची. जुन्या गाड्यांच्या पुस्तकांत साधारण ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या मधला कुठलातरी आकडा दिलेला असतो आणि सोबत वर्षं असतात, बहुतेक वेळा चार-पाच. लोक किलोमीटर वाचतात, वर्षं सोडून देतात. तुमच्या गाडीने इतक्या वर्षांत ७८ हजार केले, म्हणजे ती बहुतेक उभीच होती. उभी गाडी बेल्टला मानवत नाही. त्याच त्या ठिकाणी वाकून राहिलेलं रबर तिथेच कडक होतं. वर आमच्या कराडसारख्या गावात उभ्या गाडीत उंदीर येतातच. कव्हरच्या आत उंदराने साठवलेल्या शेंगांची टरफलं मी दोनदा काढली आहेत. पंधरा वर्षांनी पासिंगला न्यायची म्हणून लोक रंग मारतात, टायर बदलतात, सीट कव्हर घालतात. बेल्ट कोणाच्या यादीत नसतो, कारण आरटीओचा साहेब तो बघत नाही.

एवढी घाई कशासाठी, तर तुमचं इंजिन कुठलं आहे त्यासाठी. झिंगचं १०८६ सीसीचं इंजिन चार सिलिंडरचं, बारा वॉल्व्हचं आहे. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरायचा, हे गणित बेल्ट सांभाळतो. ३००० आरपीएमला प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा खाली येऊन वर जातो आणि त्याच जागेत पिस्टन वर येतो. दोघांची जागा एक, वेळ वेगळी. बेल्ट तुटला की कॅम जिथल्या तिथे थांबतो, काही वॉल्व्ह उघडे राहतात आणि गाडीच्या वेगाने फिरत असलेला क्रँक पिस्टन वर ढकलत राहतो. वॉल्व्ह वाकतात. मग हेड (इंजिनचा वॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवा, लेथवर पाठवा, वॉल्व्ह, गाइड, गॅस्केट. पिस्टनच्या डोक्यावर अर्धचंद्रासारखे वळ उठतात, ते बघून नवशिके मुलगेही गप्प होतात. सगळ्याच गाड्यांत असं होत नाही. काही इंजिनांत दोघांमध्ये मोकळी जागा सोडलेली असते आणि बेल्ट तुटला तरी गाडी फक्त बंद पडते. डिझेलमध्ये मात्र ही सवलत जवळजवळ नाहीच, कारण तिथे कॉम्प्रेशनसाठी पिस्टन हेडला अगदी भिडत येतो. नव्या गाड्यांवरून जुन्यांबद्दल अंदाज बांधू नका. नाव सारखं असून इंजिन वेगळं असतं: ८०० सीसीच्या अल्टोला बेल्ट, अल्टो के-१० ला साखळी.

बेल्ट तुटल्याचं निदान कानानेच होतं. गाडी चालता चालता बंद पडते, बहुतेक वेळा धक्का नाही, आवाज नाही. मग सेल्फ मारला की इंजिन नेहमीसारखं ‘धुक्-धुक्-धुक्’ न करता शिवणयंत्रासारखं सपाट ‘घुर्रर्र’ फिरतं, कारण कॉम्प्रेशनच नाही. हा आवाज आला की चावी काढून खिशात घाला. पुन्हा पुन्हा सेल्फ मारून वाचलेले वॉल्व्हही घालवू नका. ढकलस्टार्ट तर अजिबात नको. खंबाटकीच्या घाटात उतारावर गिअरमध्ये सोडून सुरू करायला गेलेल्या एका गाडीचं पुढे काय झालं ते मीच उघडून बघितलं आहे.

बेल्ट न तुटता पुलीवर एक-दोन दात सरकला तर निदान अवघड जातं. गाडी चालते, पण पिकअप नाही, आयडलिंगला थरथरते, जास्त तापते, पेट्रोल पिते. स्कॅनरवर कॅम आणि क्रँक यांचा मेळ नसल्याचा कोड येतो आणि लोक सेन्सर बदलत बसतात. क्रँकच्या पुलीला २४ दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे १५ अंश. एवढ्याने गाडी बंद पडत नाही, फक्त आजारी होते. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखंच कमी दिसलं तर पिस्टनच्या रिंगांवर संशय धरायच्या आधी टायमिंगचं मार्किंग बघा.

आता प्रत्यक्ष काम. सगळं लिहीत बसत नाही, ते पुस्तकात आहे. जिथे हात चुकतो तेवढं सांगतो.

बॅटरीची वायर काढा. पुढचं उजवं चाक काढून गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, नुसत्या जॅकवर नको. चेंबरखाली, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या टाकीखाली, लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकने इंजिनला आधार द्या, मग उजव्या बाजूचं फाउंडेशन (इंजिनला गाडीशी धरून ठेवणारं माउंटिंग) सोडा. फाउंडेशनचं रबर या वयात फाटलेलं असतंच, हातासरशी बघा. क्रँकचा मधला बोल्ट हा घरगुती कारागिराचा पहिला शत्रू. पाना चेसिसला अडकवून सेल्फ मारायची युक्ती कोणी शिकवली तर कानाआड करा, पाना उडून तोंडावर येतो. पाचव्या गिअरला टाकून एकाने ब्रेकवर उभं राहायचं आणि दुसऱ्याने लांब पाइप लावून सोडवायचा. गॅरेजमध्ये आम्ही इम्पॅक्ट (झटके देऊन बोल्ट सोडवणारं मशीन) लावतो.

बेल्ट सोडायच्या आधी मार्किंग जुळवा. इथे एक फसगत आहे. बाहेरच्या पुलीवरची खाच आणि आतल्या दातेरी पुलीवरची खूण या दोन वेगळ्या गोष्टी. बाहेरच्या पुलीत अनेकदा मधे रबर असतं, जुनं झालं की बाहेरचं कडं त्या रबरावर सरकतं आणि खाच खोटं बोलते. शेवटचा विश्वास आतल्या पुलीच्या खुणेवर आणि कॅमच्या खुणेवर. तरी शंका असेल तर एक नंबरच्या प्लगच्या भोकात शहाळ्याची प्लॅस्टिकची नळी उभी धरा आणि क्रँक हळू फिरवा. नळी वर येऊन जिथे थांबते तिथे पिस्टन वर आहे. स्क्रू ड्रायव्हर घालू नका, तिरका अडकला तर पिस्टनला ओरखडा.

जुन्या बेल्टवर आणि दोन्ही पुल्यांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके देऊन, मधले दात मोजून ते नव्या बेल्टवर उतरवायचे, ही पद्धत चांगली आहे आणि मी वापरतो. पण आधी कंपनीच्या खुणा जुळतात का ते बघूनच. नाहीतर आधीच्याने एक दात चुकवलेला असेल तर तुम्ही तीच चूक मोठ्या काळजीने पुढे चालवता.

बेल्ट निघाला की क्रँक आणि कॅम यांना एकट्याने फिरवायचं नाही. कॅम स्प्रिंगच्या जोराने स्वतःच थोडा उडी मारतो. तो परत आणायचा असेल तर आधी क्रँक पाव फेरा मागे घ्या, म्हणजे चारही पिस्टन मधोमध येतात आणि वॉल्व्हला आपटायला काही उरत नाही. मग कॅम जागेवर, मग क्रँक जागेवर.

नवा बेल्ट चढवताना टेन्शनर नसलेली बाजू आधी ताणून घ्यायची, सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला आली पाहिजे. बेल्ट चढत नाही म्हणून स्क्रू ड्रायव्हरने उचकटायचा नाही, मुडपायचा नाही, उलटा करायचा नाही. आत काचेच्या दोऱ्या आहेत हे विसरू नका, त्या घरीच मोडल्या तर नव्या बेल्टचा उपयोग काय? टेन्शनर स्प्रिंगचा असेल तर त्याचा ताण स्प्रिंगला ठरवू द्या, वरून पहारीने रेटा देऊ नका. आवळताना आधी लांबट भोकातला बोल्ट, मग दुसरा. उलट केलंत तर बोल्ट फिरताना टेन्शनरलाही सोबत फिरवतो आणि बेल्ट गरजेपेक्षा ताठ होतो. असा बेल्ट गाडी चालताना बारीक शिटी मारतो आणि बेअरिंग लवकर खातो.

सगळ्यात मोलाची पायरी यानंतरची आहे, आणि घाईत असलेला मेस्त्री नेमकी तीच गाळतो. क्रँकवर पाना लावून पूर्ण दोन फेरे हाताने फिरवायचे. दोनच का, तर तेवढ्यात कॅमचा एक फेरा होतो आणि सगळे वॉल्व्ह एकदा उघडून मिटतात. मग दोन्ही खुणा पुन्हा बघायच्या.

कामाला लागून चार वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. सँट्रोच होती. खुणा जुळल्या, बेल्ट ताठ, मालक चहा घेऊन उभा. मी चावी मारायला निघालो तर आमचे उस्ताद नुसते म्हणाले, ‘पाना लाव.’ लावला. पाऊण फेऱ्यात पाना अडला. मला वाटलं कॉम्प्रेशन, आणि मी जोर लावणार तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. ढील मी चुकीच्या बाजूला ठेवली होती. फिरवल्यावर ती टेन्शनरकडे आली आणि क्रँकवर दात सरकले. त्यांनी पान्यावर माझा हात ठेवूनच फरक शिकवला. कॉम्प्रेशनचा अडसर मऊ असतो, सायकलचा पंप बोटाने दाबून धरल्यासारखा. थोडं थांबलं की हवा सुटते आणि पाना आपोआप पुढे सरकतो. वॉल्व्हला पिस्टन टेकला की अडसर ठाम असतो, भिंतीसारखा, आणि पान्यातून मनगटात बारीक ‘टक्’ येते. तिथे थांबायचं, मागे फिरवायचं, सगळं पुन्हा उघडायचं. प्लग काढून ठेवले असतील तर मऊ अडसर उरतच नाही, मग जो अडसर येईल तो वाईटच.

बेल्टसोबत काय बदलायचं? टेन्शनर आणि असल्यास आयडलर (बेल्टला नुसती वाट दाखवणारी पुली), नक्की. एका गाडीचा बेल्ट १८ हजारांतच गेला म्हणून माझ्याकडे आली होती. बेल्ट नवाच होता, टेन्शनर जुनाच ठेवला होता. बेअरिंग जाम झालं आणि पाठीवरून बेल्ट जळत गेला. पैसे वाचवले असं ज्याने सांगितलं त्याचं नाव मालकाने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दुसरं म्हणजे कॅमचं आणि क्रँकचं पुढचं ऑइल सील. आत तेलाची चिकट ओल दिसली तर नवा बेल्ट टाकून काही उपयोग नाही, तेलाने रबर फुगतं आणि दात सोलून निघतात. बेल्ट खराब निघाला की आधी तो का खराब झाला हे शोधायची सवय लावा, दहातल्या बऱ्याच वेळा उत्तर सीलच्या ओठावर सापडतं. पाण्याचा पंप कुठल्याही बेल्टवर फिरत असो, हाताने फिरवून बघा: खरखर, डुगडुग किंवा खालच्या भोकातून कुलंटचा सुकलेला डाग. १.५ डीसीआय किंवा १.९ टीडीआयसारख्या डिझेलमध्ये पंप टायमिंग बेल्टवरच असतो, तिथे विचार न करता बदलायचा.

खालचं प्लॅस्टिकचं कव्हर तुटलं असेल तर नवं घ्या. ‘त्याच्याशिवाय चालतं’ असं म्हणणाऱ्याला जुलैमध्ये चिखलातून गाडी काढायला सांगा. एक खडा दातात गेला की पुरे. आणि किट घेताना डुप्लिकेट ओळखायला शिका: बेल्टच्या पाठीवरची छपाई पुसट, नखाने निघणारी असेल, बेअरिंगवर नावच नसेल तर परत करा. जुना आणि नवा बेल्ट शेजारी ठेवून दात मोजा, रुंदी बघा. दुकानदाराने ‘हाच लागतो’ म्हटल्यावर मोजायची लाज वाटू देऊ नका.

घरी जमेल का? पाने उत्तम आहेत, टॉर्क पाना आहे, पुस्तक आहे, आणि यापूर्वी एखाद्या इंजिनचं फाउंडेशन सोडलं आहे, तर जमेल, अख्खा रविवार धरा. यातलं एक जरी नसेल तर या इंजिनावर शिकू नका. तपासणी मात्र घरीच करा, आणि काम गॅरेजमध्ये करताना समोर उभे राहा. तीन गोष्टी मागा: जुना बेल्ट आणि टेन्शनर हातात, दोन फेरे तुमच्या डोळ्यांदेखत, आणि क्रँकचा बोल्ट टॉर्क पान्याने. हा बोल्ट ढिला राहिला तर पुलीची की (पुलीला क्रँकवर अडकवणारी खाचेतली पट्टी) झिजते, पुली क्रँकवर डुलायला लागते आणि पुढच्या वेळी कुठलीच खूण जुळत नाही.

निघालेला बेल्ट ‘अडीअडचणीला’ म्हणून डिकीत ठेवणारे असतात. तुमच्या गाडीत त्या अडचणीला तो लागणारच नाही, तेव्हा हेड उतरलेलं असेल. आमच्याकडे तो पोरं झोपाळ्याला बांधायला नेतात. आणि बाहेरचे बेल्ट निघालेलेच असतील तेव्हा तो अल्टरनेटरचाही नवा टाकून घ्या, सकाळचा ‘चीं’ तिथेच जाईल. बॉनेटच्या आतल्या बाजूला तारीख आणि किलोमीटर लिहून एक चिठ्ठी चिकटवा, आणि त्यावर पारदर्शक टेप लावा, नाहीतर दोन पावसाळ्यांत शाई उडते.